मेंदूशस्त्रक्रियेच्या रात्रपाळीचे गणित

कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी ७ मार्च २०२५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात म्हैसूरसाठी एक घोषणा होती. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’च्या धर्तीवर म्हैसुरातही एक संस्था उभारली जाणार, अंदाजे खर्च १०० कोटी रुपये. दुसऱ्या दिवशी आमच्या रुग्णालयाच्या कँटीनमध्ये या घोषणेचे स्वागत झाले. न्यूरोसर्जन खूश होते, परिचारिका खूश होत्या, चामराजनगरहून वडिलांना घेऊन आलेला एक मुलगा शेजारच्या टेबलावरून आमचे बोलणे ऐकत होता, तोही खूश होता. मलाही आनंद झाला. पण गेली वीसेक वर्षे मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देण्याचे काम करणारी मी, माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा : या संस्थेत रात्री दोन वाजता भूल कोण देणार?

हा प्रश्न कुणाला क्षुल्लक वाटेल. इमारत झाली की माणसे येतात, असा आपल्याकडील सार्वजनिक नियोजनाचा जुना विश्वास आहे. रस्त्याच्या बाबतीत तो खराही ठरतो. रस्ता झाला की वाहने येतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत तो खोटा आहे, आणि तो किती खोटा आहे हे मला एका रात्री कळले. त्या रुग्णालयाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. तसे प्रसंग देशातील कोणत्याही मध्यम आकाराच्या शहरात घडतात.

रात्री अकराच्या सुमारास एका तरुणाला आणले होते. दुचाकी घसरली होती, हेल्मेट नव्हते. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साचलेले दिसत होते. आम्ही त्याला शस्त्रक्रियागृहात घेतले. कवटी उघडून तासभर झाला असेल, तेवढ्यात बाहेरून निरोप आला की मंड्याकडून आणखी एक रुग्ण आला आहे : साठीची बाई, मेंदूत रक्तस्राव, शुद्ध हरपत चाललेली. शल्यचिकित्सक दोन होते, शस्त्रक्रियागृहही दुसरे रिकामे होते. परिचारिका होत्या, रक्त होते, व्हेंटिलेटर होता. मेंदूच्या शस्त्रक्रियेची भूल देऊ शकणारी मात्र मी एकटी, आणि माझा हात पहिल्या रुग्णाच्या श्वासनळीतल्या नळीवर. प्रसूती विभागात एक सहकारी भूलतज्ज्ञ होता, पण त्याच्यासमोरही सिझेरियन चालू होते. त्या बाईंना रुग्णवाहिकेत घालून बेंगळुरूला पाठवले. म्हैसूर ते बेंगळुरू सुमारे १४५ किलोमीटर. त्यांचे पुढे काय झाले हे मला कधी कळले नाही. आमच्या व्यवस्थेत पाठवणाऱ्याला ते कळण्याची सोयच नाही.

त्या महिन्याच्या अहवालात ही घटना कशी नोंदली गेली असेल? ‘उच्चस्तरीय उपचारांसाठी संदर्भित.’ भूलतज्ज्ञ नव्हता, असे कुठेही लिहिलेले नसणार. उणीव अशी नोंदीतूनच नाहीशी होते आणि मग नियोजन करणाऱ्याला ती दिसत नाही.

सामान्य वाचकाला भूलतज्ज्ञ म्हणजे सुई टोचून झोपवणारा डॉक्टर एवढेच ठाऊक असते; तो दोष वाचकाचा नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेत हे काम नेमके काय असते ते थोडे विस्ताराने सांगते, कारण त्याशिवाय मनुष्यबळाचा हिशेब समजणार नाही.

कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव एवढेच मावते. रक्त साचले किंवा मेंदू सुजला की आतला दाब वाढतो आणि मेंदूला होणारा रक्तपुरवठा तुटू लागतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव शरीरातला सुमारे वीस टक्के प्राणवायू वापरतो. त्याला उपासमार सोसत नाही. आता अशा रुग्णाला भूल देताना श्वास किंचित मंद झाला, रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला, की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मेंदू शल्यचिकित्सकाच्या डोळ्यांदेखत फुगून वर येतो. उलट श्वास फार जलद दिला तर त्याच रक्तवाहिन्या आक्रसतात आणि आधीच जखमी असलेल्या भागाला रक्त मिळत नाही. रक्तदाबाचेही तसेच. डोक्याला गंभीर इजा झालेल्या रुग्णाचा वरचा रक्तदाब एकदा जरी ९०च्या खाली गेला, तरी मृत्यूची शक्यता सुमारे दुपटीने वाढते, हे अमेरिकेतील मोठ्या रुग्णनोंदींतून तीन दशकांपूर्वीच दाखवले गेले आहे. आणि भूल देण्याची बहुतेक औषधे नेमका रक्तदाबच खाली आणतात.

यात भर म्हणजे अपघातातल्या रुग्णाचे पोट भरलेले असते, मान मोडलेली असण्याची शंका असते, आणि नळी घालताना तो खोकला तर कवटीतला दाब आणखी उसळतो. हे सारे पहिल्या दोन-तीन मिनिटांत सांभाळायचे असते. पुढचे चार, सहा, कधी आठ तास रुग्णाचे डोके हिरव्या कापडाखाली, शल्यचिकित्सकाच्या ताब्यात. भूलतज्ज्ञाला चेहराही दिसत नाही. आणि शेवटी सर्वांत अवघड भाग : रुग्णाला वेळेवर आणि शांतपणे जागे करणे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण तासभर उशिरा जागा झाला तर फारसे बिघडत नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र ‘हात उचला, बोट दाखवा’ हे त्याने लगेच करून दाखवावे लागते. तो जागा होत नसेल तर औषधाचा अंमल आहे की आत पुन्हा रक्तस्राव झाला आहे, हे कळायला मार्ग उरत नाही. काही गाठींच्या शस्त्रक्रियांत तर रुग्णाला मध्येच जागे करून त्याच्याशी बोलत राहावे लागते, म्हणजे वाणीचे केंद्र सुरीखाली येत नाही ना, ते समजते. माझ्या एका रुग्णाने, एका निवृत्त शिक्षकांनी, त्या वेळात मला कन्नड पाढे म्हणून दाखवले होते.

या कामाचे स्वतंत्र शास्त्र झाले, ते उगाच नाही. भारतात या शाखेच्या डॉक्टरांची संघटना १९९९ मध्ये स्थापन झाली. दिल्लीचे एम्स, चंडीगडची पीजीआय, तिरुअनंतपुरमचे श्री चित्रा आणि बेंगळुरूचे निम्हान्स अशा निवडक संस्थांत तीन वर्षांचा डीएम अभ्यासक्रम आहे. काही ठिकाणी त्याहून लहान मुदतीच्या फेलोशिप आहेत. ही यादी वाचली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. जिथे मोठी संस्था आधीपासून आहे तिथेच हे प्रशिक्षण मिळते, आणि प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर बहुतेक वेळा तिथेच, किंवा तितक्याच मोठ्या शहरात राहतो. म्हैसूरला, हुबळीला, कोल्हापूरला किंवा अमरावतीला तो आपणहून येईल, हे गृहीत धरण्यास आधार नाही.

आता मूळ गणित. एका जागी चोवीस तास, सातही दिवस एक भूलतज्ज्ञ हजर ठेवायचा तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. माणसाने आठवड्याला ४८ तास काम करावे असे धरले, तर एका जागेला साडेतीन माणसे लागतात. पण वर्षाचे ५२ आठवडे कुणी काम करत नाही. हक्काची रजा, आजारपण, परिषदा, परीक्षक म्हणून बाहेरगावी जाणे, हे सारे मिळून आठ आठवडे वजा केले की हा आकडा चारच्या वर जातो. पाळी बदलताना रुग्ण नीट समजावून सोपवायला वेळ लागतो. भूलशास्त्रात स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत आणि २०१७ पासून मातृत्व रजा २६ आठवड्यांची आहे. ही रजा कायद्याने दिली, पण ती गृहीत धरून पदे मंजूर केल्याचे मी तरी पाहिलेले नाही. त्यामुळे एखादी सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली की बाकीच्यांच्या रात्रपाळ्या वाढतात आणि मग नाराजी सरकारवर न जाता त्या मुलीवर जाते. हे मी स्वतः दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. एकूण, एका चोवीस तासांच्या जागेला साडेचार ते पाच माणसे धरावी लागतात.

म्हैसूरच्या नियोजित संस्थेला हे लावून पाहू. आणीबाणीच्या शस्त्रक्रियेसाठी एक जागा चोवीस तास हवी. मेंदूरुग्णांच्या अतिदक्षता विभागात दुसरी. या दोन जागांनाच नऊ-दहा माणसे झाली. नियोजित शस्त्रक्रियांची दोन शस्त्रक्रियागृहे दिवसा चालवायची, आणि मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी काढण्याच्या कॅथलॅबसाठी व एमआरआयसाठी मिळून एक जण, म्हणजे आणखी तिघे. रजा धरून साडेतीन ते चार. बेरीज तेरा-चौदाच्या घरात जाते. यात शिकवणे आणि संशोधन धरलेलेच नाही. म्हणजे अगदी माफक आकाराच्या संस्थेलाही मेंदूशस्त्रक्रियेत मुरलेले तेरा भूलतज्ज्ञ हवेत. सर्वच डीएम हवेत असे माझे म्हणणे नाही. त्याविषयी पुढे लिहिते. पण तेरा हा आकडा आधी कुणीतरी कागदावर मांडायला हवा.

हा आकडा कागदावर का येत नाही? याचे उत्तर सरकारी आकृतिबंधात आहे. मी आजवर पाहिलेल्या मंजूर पदांच्या तक्त्यांत ‘भूलशास्त्र’ हा एकच रकाना असतो. प्राध्यापक इतके, सहयोगी प्राध्यापक इतके, सहायक प्राध्यापक इतके. ही पदे महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या जागांवरून ठरतात. किती शस्त्रक्रियागृहे रात्री चालतात, त्यांवरून नाही. त्या रकान्यात प्रसूतीचा, हाडांचा, बालशस्त्रक्रियेचा, कान-नाक-घशाचा आणि मेंदूचा भूलतज्ज्ञ सारे एकच. न्यूरोसर्जरीला मात्र स्वतंत्र विभाग, स्वतंत्र पदे. शल्यचिकित्सकाचे पद निर्माण होते तेव्हा त्याच्यासोबत भूलतज्ज्ञाचे पद आपोआप निर्माण होत नाही. दोन चाकांच्या गाडीचे एकच चाक खरेदी करण्याचा हा प्रकार वर्षानुवर्षे चालला आहे.

राष्ट्रीय पातळीवरही चित्र फार वेगळे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत सामुदायिक आरोग्य केंद्रांतील विशेषज्ञांची जी उणीव दरवर्षी गाजते, सुमारे ८० टक्क्यांची, ती शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ या चौघांची बेरीज आहे. भूलतज्ज्ञ त्या बेरजेत नाही. ज्याच्याशिवाय पहिल्या दोघांना सुरी उचलता येत नाही, तोच हिशेबाबाहेर. भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारताचे प्रमाण एक लाख लोकसंख्येमागे जेमतेम सव्वा इतके निघाले. किमान पाच असावेत असे त्या पाहणीचे मत. आणि हे सर्व प्रकारच्या भूलतज्ज्ञांचे प्रमाण आहे. त्यातले मेंदूसाठी प्रशिक्षित किती, जिल्हावार कुठे आहेत, त्यांचे सरासरी वय किती, पुढच्या दहा वर्षांत किती निवृत्त होणार, अशी नोंद शोधायला गेले तर हाती काही लागत नाही.

तुलनेसाठी ब्रिटन पाहा. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्सने २०२२ मध्ये सांगितले की देशात १,४०० भूलतज्ज्ञ कमी आहेत आणि असेच चालू राहिले तर २०४० पर्यंत ही तूट ११,००० वर जाईल. ब्रिटनची आरोग्यसेवा सध्या आदर्श आहे असे तिथले नागरिकही म्हणणार नाहीत. पण त्यांच्याकडे तुटीचा आकडा आहे, म्हणून संसदेत त्यावर वाद घालता येतो, आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. मेंदूशस्त्रक्रियेच्या भूलसेवेसाठी तिथे वेगळी मार्गदर्शक मानकेही आहेत : चोवीस तासांची सेवा कशी असावी, जबाबदार वरिष्ठ डॉक्टर कोण, अतिदक्षता विभागाशी नाते कसे. आमच्याकडे विधानसभेत प्रश्न विचारला जातो तो ‘इमारतीचे काम किती टक्के झाले?’ असा.

म्हैसूर निवडण्यात सरकारची चूक नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. उलट ही निवड उशिरा झाली. म्हैसूर, मंड्या, चामराजनगर, कोडगू आणि हासन या पाच जिल्ह्यांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच ८१ लाखांहून अधिक होती. शेजारच्या वायनाड आणि निलगिरीतूनही रुग्ण इथे येतात. मडिकेरीहून म्हैसूर सुमारे १२० किलोमीटर, त्यात घाट. तिथून पुढे बेंगळुरू म्हणजे आणखी तेवढेच आणि वर थोडे. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक सर्वमान्य अंदाज आहे. गुठळी विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. अपघाती रक्तस्रावाबाबत १९८१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला ८२ रुग्णांचा अभ्यास अजून प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो : चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्के, उशीर झालेल्यांत ९० टक्के. पुढच्या अभ्यासांत तफावत इतकी मोठी आढळली नाही, हेही सांगायला हवे. तरीही उशीर करणे चांगले, असे कुठल्याच अभ्यासाने म्हटलेले नाही.

रस्त्याचीही गोष्ट यात आहे. मार्च २०२३ मध्ये ११८ किलोमीटरच्या बेंगळुरू–म्हैसूर महामार्गाचे उद्घाटन झाले. पहिल्या काही महिन्यांतच अपघात इतके वाढले की १ ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गिकेवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी घालावी लागली. त्याआधीच्या वर्षी, २०२२ मध्ये, देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक मरण पावले. महामार्गाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात उड्डाणपूल, टोलनाके, कुंपण यांचा हिशेब असतो. त्या महामार्गावर डोके फुटलेल्या माणसाला भूल कोण देणार, याचा हिशेब मात्र दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या फायलीत, किंवा कुठेच नाही.

म्हैसूरला वैद्यकीय शिक्षणाची परंपरा नवी नाही. संस्थानकाळात, १९२४ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय १९३० मध्ये बेंगळुरूहून इथे आले; कृष्णराजेंद्र रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘के. आर. हॉस्पिटल’, त्याला जोडलेले आहे. शहरात खासगी वैद्यकीय महाविद्यालयही आहे आणि कॉर्पोरेट रुग्णालयेही. भूलशास्त्रात एमडी होऊन दरवर्षी तरुण डॉक्टर इथून बाहेर पडतात. म्हणजे कच्चा माल नाही असे नाही. अडते ते पुढच्या पायरीवर.

ती पायरी किती उंच आहे ते पाहा. एमबीबीएस साडेपाच वर्षे, एमडी तीन वर्षे, डीएम तीन वर्षे. मध्ये एकही वर्ष वाया गेले नाही असे मानले तरी साडेअकरा वर्षे; प्रत्यक्षात दोन प्रवेश परीक्षा आणि सक्तीची सेवा धरता बत्तिशी-तेहतिशी उजाडते. एमडी झालेल्या मुलीसमोर तेव्हा दोन वाटा असतात. एक, लगेच फ्रीलान्स काम : सकाळी एका नर्सिंग होममध्ये सिझेरियन, दुपारी दुसरीकडे हर्निया, संध्याकाळी तिसरीकडे हाडाची शस्त्रक्रिया, पैसे रोख, पहिल्या महिन्यापासून. दुसरी, आणखी तीन वर्षे विद्यावेतनावर काढून अशी पदवी मिळवायची, की जिच्यासाठी सरकारी आकृतिबंधात पदच नाही. परत आल्यावर ती सहायक प्राध्यापकच होणार, तीही सामान्य भूलशास्त्राची, आणि तिला नेमणूक मिळेल ती कदाचित मेंदूशस्त्रक्रिया होतच नाही अशा जिल्ह्यात. मी माझ्या विद्यार्थिनींना डीएम करा असे सांगते, तेव्हा त्या आदराने ऐकून घेतात. मग फ्रीलान्स करतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही.

अतिविशेषज्ञ अभ्यासक्रमांच्या काही शाखांत जागा रिक्त राहतात, फेरी वाढवावी लागते, पात्रतेची रेषा खाली आणावी लागते, याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्यावर सरकारी उपाय ठरलेला : जागा वाढवा. ज्या पदवीला पद नाही तिच्या जागा वाढवून काय होणार?

याआधी सरकारने भूलतज्ज्ञांच्या टंचाईवर एक धाडसी उपाय करून पाहिला आहे, आणि तो आठवण्यासारखा आहे. मातामृत्यू कमी करण्यासाठी एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांचे जीवरक्षक भूलकौशल्याचे प्रशिक्षण देऊन ग्रामीण रुग्णालयांत सिझेरियनसाठी तयार करण्याची ती योजना. आमच्या व्यवसायातील अनेकांनी तिला विरोध केला होता. मीही केला होता. आज मला तो विरोध पूर्णपणे बरोबर वाटत नाही. प्रशिक्षण वाईट नव्हते. फसले ते नेमणुकीत. प्रशिक्षित झालेले कित्येक डॉक्टर अशा ठिकाणी पाठवले गेले, जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हता किंवा शस्त्रक्रियागृहच बंद होते. कौशल्य वापराविना गंजले. प्रशिक्षण विभागाने आपले उद्दिष्ट पूर्ण केले, नेमणुका करणाऱ्या विभागाने आपले, आणि दोघांची गाठ पडली नाही.

म्हैसूरमध्येच मात्र उलट उदाहरणही आहे. हृदयरोगासाठी बेंगळुरूच्या जयदेव संस्थेची शाखा म्हैसुरात सुरू झाली ती आधी के. आर. रुग्णालयाच्या आवारात, उपलब्ध जागेत. केआरएस रस्त्यावरची मोठी इमारत नंतर आली. म्हणजे सेवा, माणसे आणि रुग्ण आधी जमले, आणि त्यांच्या गरजेने इमारत मागितली. मेंदूच्या संस्थेसाठी हीच वाट धरता येईल. बांधकाम चालू असतानाच, आहे त्या रुग्णालयाच्या आवारात मेंदूशस्त्रक्रियेच्या भूलतज्ज्ञांचा एक छोटा गट नेमावा. पाच-सहा जण डीएम किंवा फेलोशिप केलेले. उरलेले सात-आठ एमडी भूलतज्ज्ञ असावेत आणि त्यांना निम्हान्समध्ये सहा महिने पगारी प्रतिनियुक्तीवर पाठवावे. कवटीला छोटे छिद्र पाडून जुने रक्त काढण्यासारख्या शस्त्रक्रियेला डीएमची गरज नसते. तसे म्हणणे म्हणजे आमच्या शाखेचा अहंकार ठरेल. देशातल्या बहुतेक मध्यम शहरांत आजही ही कामे सामान्य भूलतज्ज्ञच करतात, आणि चांगली करतात. पण फुगवटा आलेल्या रक्तवाहिनीवर क्लिप लावायची असेल, लहान मुलाच्या मेंदूतली गाठ काढायची असेल किंवा रुग्णाला जागे ठेवून काम करायचे असेल, तर मुरलेला माणूस हवा, आणि सोबत दुसऱ्याला घडवण्यासाठीही तोच हवा.

या गटाला पाठबळ देणाऱ्या तंत्रज्ञांचा विचारही आताच व्हावा. राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत कर्नाटकात भूल तंत्रज्ञानाचे पदवी अभ्यासक्रम चालतात. २०२१च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला मान्यताही दिली. अमेरिकेप्रमाणे परिचारिकेने स्वतंत्रपणे भूल देण्याची पद्धत आपल्याकडे नाही आणि ती आणावी असे मी म्हणत नाही. पण यंत्रे तयार ठेवणे, दाबमापक नळ्यांची जोडणी, रक्ताच्या तपासण्या, मेंदूच्या विद्युतलहरींची निरीक्षणे यांसाठी प्रशिक्षित हात असले तर एका भूलतज्ज्ञाची रात्र माणसात येते. पण कंत्राटी तंत्रज्ञ अकरा महिन्यांनी बदलत असेल, तर दरवेळी पहिल्यापासून शिकवत बसावे लागते.

खर्चाचा आक्षेप येणार. तेरा विशेषज्ञांचा वार्षिक पगार ही रक्कम मोठी आहे खरी, पण १०० कोटींच्या प्रकल्पासमोर ठेवून पाहिली तर ती इतकी मोठी नाही. अडचण वेगळी आहे. इमारत हा भांडवली खर्च. त्याला एकदा मंजुरी मिळते, कोनशिला बसते. पगार हा महसुली खर्च. तो दरवर्षी द्यावा लागतो, निवृत्तिवेतनासह, आणि त्याची कोनशिला बसत नाही. म्हणून वित्त विभाग पहिल्यावर सही करतो आणि दुसऱ्यावर शेरे मारतो. पक्ष कोणताही असो, राज्य कोणतेही असो, हे असेच चालते. महाराष्ट्रातील वाचकाने या लेखात म्हैसूरच्या जागी आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणाचे नाव घालून पाहावे.

आणखी एक गोष्ट, जी तक्त्यात मावत नाही. एकट्याने रात्र काढणारा भूलतज्ज्ञ दोन-तीन वर्षांनी निघून जातो. पगार कमी म्हणून नव्हे. चुकलो तर विचारायला शेजारी कुणी नाही, म्हणून. मेंदू फुगून वर येतो त्या क्षणी दुसरा एक अनुभवी माणूस दारातून आत डोकावला, तरी हात स्थिर होतो. म्हणून पाच जागी एकेक नेमण्यापेक्षा एका जागी पाच नेमणे शहाणपणाचे. बाकीच्या जिल्ह्यांनी रुग्ण लवकर आणि सुरक्षित पाठवण्याचे कौशल्य कमवावे : नळी घातलेला, रक्तदाब सांभाळलेला, डोके तीस अंश वर ठेवलेला रुग्ण, आणि निघण्याआधी केलेला एक फोन. मंड्या, चामराजनगर, हासन आणि कोडगू या चारही जिल्ह्यांत आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. हे काम तिथे करता येईल.

मी धोरणकर्त्यांकडे पहिला मागेन तो कागद साधा आहे. नव्या संस्थेच्या पदांचा आकृतिबंध इमारतीच्या नकाशासोबतच प्रसिद्ध व्हावा, त्यात मेंदूशस्त्रक्रियेच्या भूलशास्त्राचा वेगळा रकाना असावा, आणि प्रत्येक चोवीस तासांच्या जागेपुढे किती माणसे धरली, हे लिहिलेले असावे. दुसरा कागद, यंदा डीएमला प्रवेश घेणाऱ्या पाच डॉक्टरांना ‘तीन वर्षांनी म्हैसूरला तुमचे पद तयार असेल’ अशी लेखी हमी देणारा. इमारतीला तीन वर्षे लागतात असे धरले, तर ही हमी याच वर्षीच्या प्रवेशफेरीपूर्वी निघायला हवी.